रुळापलीकडचं रान

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सकाळी शिवलीला शेतात आली, तेव्हा वीरभद्रप्पा पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीच्या तोंडाशी पेंढी सारखी करत होता. बहिणीची चाहूल त्याला लागली होती, तरी त्यानं मान वर केली नाही. पेंढी सरळच होती, ती त्यानं पुन्हा एकदा सरळ केली.

कोपीत पांडवांच्या पाच दगडांपुढं बसलेल्या लक्ष्मम्मानं ते पाहिलं. एरवी बिदरची गाडी नुसती वळताना दिसली तरी "आली गं माझी इंजिनेर," म्हणून आरोळी ठोकणारा हा तिचा थोरला लेक. गेल्या महिन्यात रेल्वेनं रुळाच्या कडेनं कुंपणाची तार ओढली आणि त्या दिवसापासून त्यानं बहिणीचा फोन घेतला नव्हता.

"ये गं," लक्ष्मम्माच म्हणाली. "बिदरात थंडी हाय का न्हाई?"

"हाय की अव्वा. पण इथल्याएवढी न्हाई," शिवलीला म्हणाली आणि भावाच्या पाठीकडं एकदा बघून चप्पल काढून आत आली.

पांडवांना चुना लागला होता, शेंगाभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचा वास साऱ्या रानात फिरत होता. थोरली सून नागरत्ना बाजरीच्या उंड्यांवरचं फडकं काढत होती. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घडा, गळ्यात हरभऱ्याचे डहाळे बांधून तयार होतं. आता पूजा झाली की चरग. आंबील आणि भज्जी शिंपडत साऱ्या रानाला फेरा घालायचा, जिथून निघालो तिथंच येऊन टेकायचं, मग जेवायचं. लक्ष्मम्मा या घरात लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला कोपीपुढं उभं करून सांगितलं होतं, "एक कोप, एक फेरा. ज्या वर्षी दोन फेरे झाले, त्या वर्षी घराच्या दोन चुली झाल्या म्हून समज." गावात, दुबलगुंडीत, ज्यांची वाटणी झाली, त्यांची आधी येळवस वेगळी झाली होती, मग घर. लक्ष्मम्मानं हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि रानाचे तर दोन तुकडे झालेलेच होते. बिदर-कलबुर्गीची लाईन बरोबर मधून गेली. विहीर आणि मोठा तुकडा अलीकडं राहिला, पलीकडं गेली जोंधळ्याची पट्टी आणि तिच्या कडेला लक्ष्मम्माच्या नवऱ्याची, सिद्धलिंगप्पांची गद्दुगी, म्हणजे समाधी. लाईन यायच्या आधीच ते गेले होते, त्यांना त्यांच्याच रानात ठेवलं होतं. रुळानं गद्दुगी वाचवली, पण नवऱ्याला पलीकडं नेलं, असं लक्ष्मम्मा मनात म्हणायची. लाईन झाली तरी फेरा मोडला नाही. दर येळवशीला वीरभद्रप्पा पुढं व्हायचा, रुळाला कान लावायचा, "न्हाई गाडी, चला," म्हणायचा, आणि सगळं घर खडी चढून पलीकडं उतरायचं. गद्दुगीला आंबील वाहून त्याच वाटेनं परत.

आता त्या वाटेवर रुळाचे तुकडे उभे ठोकून तार ओढली होती. ओढायला लावणारी समोर बसून नागरत्नाला मिरच्या निवडून देत होती. शिवलीला रेल्वेतून निवृत्त झाली होती, बिदरच्या कॉलेजात पोरांना रूळ शिकवत होती. रेल्वेनं या लाईनवरच्या धोक्याच्या वाटा शोधायला माणसं नेमली, त्यात तिचं नाव होतं.

पूजा झाली. आरती फिरली. वीरभद्रप्पानं कोपीच्या मेढीला अडकवलेली पकड काढून खिशात घातली.

"कशाला ती?" नागरत्नानं विचारलं.

"तार काढायची हाय. फेरा घालायचा का न्हाई? अप्पा तिकडं वाट बघायल्यात."

"अण्णा," शिवलीला उठली. "तारेला हात लावू नको."

महिन्यात पहिल्यांदा त्यानं बहिणीकडं पाहिलं. "कामून? सरकारी हाय म्हून?"

"सरकारी हाय म्हून न्हाई. तिथनं लगेच वळण हाय, वळणात लाईन खोल कापून नेलीय. डायव्हरला तू दिसतोस तेव्हा त्याच्या हातात काही राहत न्हाई."

"आन् मी आंधळा हाय? बहिरा हाय? इतकी वर्सं कान लावून जायलोय."

"कान लावायला वाकलेला माणूस रुळातच असतोय, अण्णा."

कुणीतरी हसलं. धाकटी सून नेत्रावती होती ती. वीरभद्रप्पाचा चेहरा तापला. तेवढ्यात धाकटा सुनीलकुमार पुढं झाला. हुमनाबादला त्याचं डाळीचं दुकान, बोलणं गिऱ्हाईकाला बोलावं तसं गुळगुळीत.

"अण्णा, भांडायचं कामून? अक्का म्हणतीय ते बी खरं, तू म्हणतूस ते बी खरं. दोन फेरे घालू. इकडचा तू घाल. मी गाडी घेऊन अंडरब्रिजखालनं तिकडं जातो, पट्टीला फेरा घालतो, अप्पांची पूजा करतो. झालं."

बोलणं साधं होतं, पण त्याचा अर्थ घरातल्या लहान पोराला सुद्धा कळत होता.

"आन् आंबील?" नागरत्नानं हळूच विचारलं. "बिंदगं तर एकच हाय."

नेत्रावतीची नजर नकळत गाडीकडं गेली. नागरत्ना दोन ढांगात गाडीपाशी गेली आणि मागचं दार उघडून उभी राहिली. आत दुसरं बिंदगं होतं, डहाळे बांधून, तोंडाला फडकं लावून, सीटबेल्टनं आवळून बसवलेलं.

"घरनंच भरून आणलंस व्हय, नेत्रा? लेकरासारखं पट्ट्यानं बांधून?"

"सांडंल म्हून बांधलं," नेत्रावती म्हणाली. मग तिलाही राग आला. "आन् मी काय चोरी केली? तार मी ओढली का? ज्यांनी ओढली त्यांना विचारा. दोनच फेरे कामून, तीन घाला. अक्काबाईंचा बी एक."

लग्न न केलेल्या शिवलीलाला हे माहेर एवढंच घर होतं. वीरभद्रप्पा आईकडं वळला, आणि त्याचा आवाज फाटला.

"बघ अव्वा. मी राखायलो एक फेरा, म्हून मी वाईट. तुझ्या लेकीनं तार न्हाई ओढली, घराची वाटणी केली."

लक्ष्मम्मानं दोन्हीकडचं मनात मांडून पाहिलं. थोरल्याचं खोटं नव्हतं. तार राहिली तर फेरा मोडतो, फेरा मोडला तर धाकटा मोकळा होतो. आणि तार काढली तर? तिनं लेकीकडं पाहिलं. शिवलीला रडत नव्हती, चिडलीही नव्हती. लहानपणी गणित अडलं की जशी ओठावर बोट धरून उभी राहायची, तशी उभी होती.

ही पोर कलबुर्गीच्या कॉलेजात गेली तेव्हा सिद्धलिंगप्पा स्वतः तिची ट्रंक डोक्यावर घेऊन गेले होते. पुढं ती भर उन्हाळ्यात रुळावरून चालत कामं तपासायची, घरी यायची तेव्हा तोंड भाजलेल्या वांग्यासारखं. गावात बाया विचारायच्या, "तुमची पोरगी रुळावर काय करती?" लक्ष्मम्माला सांगता यायचं नाही. उन्हात लांबच लांब जोडलेला रूळ कसा वाकतो, थंडीत कसा तडकतो, यावर तिनं वर्षानुवर्षं अभ्यास केला; मग रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत शिकवायला गेली. मोठमोठे अधिकारी तिला मॅडम म्हणत उठून उभे राहतात, हे लक्ष्मम्मानं ऐकलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. लेक शिकवते म्हणजे काय करते, हे तिला ठाऊक नव्हतं.

"अण्णा," शिवलीला म्हणाली, "एक काम कर. बिदरकडची गाडी आता येयलीय. ती आपण सगळे ऐकू. तुझं खरं निघालं तर मी स्वतः रेल्वेला सांगून तार काढवते."

"म्हंजे?"

ती तारेच्या अलीकडं, नांगरलेल्या मोकळ्या तुकड्यात गेली. कडब्याची चार ताटं उचलून तिनं जमिनीवर आडवी टाकली. पावलांनी मोजून एक सरकवलं, दुसरं मागं घेतलं. "ही अलीकडची खडी. हे दोन रूळ. ही पलीकडची खडी. तेवढंच अंतर हाय. वैनी, पाण्याची घागर डोक्यावर घे आन् इथं उभी राहा. दरवर्षी जाताव तसंच जायचं. पळायचं न्हाई."

नागरत्नानं पदर खोचला. घागर चढवली.

"बाकीच्यांनी तारेकडं तोंड करून डोळे मिटायचे. गाडी ऐकू आली की हात वर करायचा. अण्णाचा हात वर गेला की वैनी, तू निघायचं."

"हात वर गेल्यावर कामून निघती? मी तर ऐकू आली की थांबतोय," वीरभद्रप्पा म्हणाला.

"तू ऐकायच्या आदल्या घटकेला पाऊल टाकलंस असं धर. तेव्हा बी तुला वाटतंय, रान मोकळं हाय. व्हय का न्हाई?"

वीरभद्रप्पा तारेकडं वळला. त्यानं डोळे मिटले. मग सुनीलकुमारनं, नेत्रावतीनंही. खेळ वाटावा तसं सगळं चाललं होतं, पण कुणी हसत नव्हतं. आसपासच्या रानातून चरगाच्या "ओलगे, ओलगे!" अशा आरोळ्या उठत होत्या, कुठं पोरं डबे वाजवत होती, वारा लाईनीकडं वाहत होता. लक्ष्मम्मानंही डोळे मिटले. कानात जीव आणून ती ऐकू लागली. जोंधळ्याची पानं. कुणाचीतरी बैलगाडी. पुन्हा आरोळी. गाडी नाहीच.

मग लांबून, कोपीमागून आल्यासारखी, एक बारीक घरघर. तिनं हात वर केला. डोळे उघडले तर वीरभद्रप्पाचा हात वर होता, नेत्रावतीचा वर होता, सुनीलकुमारचाही. नागरत्ना निघाली होती. पहिलं ताट तिनं ओलांडलं. घागर सावरायला क्षणभर पाऊल अडखळलं. दुसरं ताट ओलांडलं.

"थांब!" शिवलीला ओरडली, आणि त्याच क्षणी वळणातून विजेचं इंजिन बाहेर आलं आणि त्या जुन्या वाटेच्या तोंडावरून धाडकन पुढं गेलं. वाऱ्याच्या झोतानं तार थरथरली, वाळका पाचोळा उडून सगळ्यांच्या तोंडावर आला. डबे जात राहिले. जात राहिले. मग रान पुन्हा पहिल्यासारखं झालं.

नागरत्ना जिथं होती तिथंच उभी होती. दोन्ही पाय मधल्या दोन ताटांच्या आत. घागरीतलं पाणी तिच्या खांद्यावरून ओघळत होतं.

वीरभद्रप्पा बायकोच्या पायांकडं बघत राहिला. मग पुढं जाऊन त्यानं तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. लग्नानंतर चारचौघांत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"सुन्या, मी डोळे उघडले तवा तुझा हात आधीच वर होता," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मी चोरून डोळे उघडून बघत होतो, अण्णा," सुनीलकुमार म्हणाला. "तरी बी तुझ्या जराशीच आधी कळली."

शिवलीला भावाशेजारी जाऊन उभी राहिली. पोरांना शिकवताना बोलत असेल तशा, ना मोठ्या ना लहान आवाजात ती बोलू लागली. "पूर्वीची इंजिनं लांबून कळायची. ही विजेची, आन् रूळ बी अखंड जोडलेला, खडखड करत न्हाई. समोरनं येणारी गाडी तर जागची हलत न्हाई असं वाटतंय. एका गावाला अशाच बाया देवाला निघाल्या होत्या, रूळ ओलांडताना गाडीखाली सापडल्या. मी नंतर तिथं गेले. ज्या वाचल्या त्यांना एकेकीला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, गाडी लांब होती. त्या खोटं बोलत नव्हत्या, अण्णा. म्हून मी रुळाचा अभ्यास सोडून माणसांचा अभ्यास धरला. या लाईनवरच्या धोक्याच्या वाटा काढल्या, त्यात ही आपली निघाली. दुसऱ्याच्या वाटा बंद करून आपली उघडी ठेवू का?"

लक्ष्मम्मा लेकीकडं बघत होती. अच्छा, म्हणजे हे करते ही. शिव्या न देता, हात न जोडता, माणसाला त्याचंच त्याला दाखवते. गावातल्या बायांना सांगायला आता तिच्याकडं काहीतरी होतं. तिनं उगाच पदरानं नाक पुसलं.

"पण फेरा?" वीरभद्रप्पा खाली बघत म्हणाला. त्यानं पकड खिशातून काढून कोपीत टाकली होती. "फेरा तर मोडलाच की अव्वा."

नेत्रावती गाडीकडं एक पाऊल सरकली. सुनीलकुमारनं किल्ली हातात घेतली.

लक्ष्मम्मा गुडघ्यावर हात देऊन उठली. "फेरा मोडत न्हाई. फेरा लांब होतोय. अंडरब्रिजखालनं सगळे मिळून जायचं."

"तिकडं जायला शेजारच्या श्रीपतरावांच्या रानातनं वाट हाय," वीरभद्रप्पा म्हणाला. "बांधावरनं भांडण झाल्यापासनं त्यांच्या माझ्यात राम राम बी न्हाई. त्यांच्या रानातनं आपला चरग नेला तर म्हणतील, रान बी तुमचंच म्हणा."

"त्यांचं मी बघते."

"अव्वा, थांब, गाडीतनं सोडतो तुला," सुनीलकुमार म्हणाला.

"चरग काय गाडीच्या काचंतनं सांडू व्हय?"

श्रीपतरावांची कोप शेजारच्या बांधाला होती. मराठ्यांचं जुनं घर, सिद्धलिंगप्पांच्या काळात बैल देण्याघेण्याचा शेजार. लक्ष्मम्माला एकटीला येताना बघून श्रीपतराव पंगतीतून उठून उभे राहिले.

"लक्ष्मम्मा? तुम्ही?"

"वाट मागायला आलेय, श्रीपतराव. तुमच्या रानातनं चरग न्यायचाय, पुलाखालनं. हक्क सांगायला न्हाई. नुसतं जायचंय."

श्रीपतराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी तारेकडं हात केला. "माझी तुरीची पट्टी बी तिकडंच हाय की हो. मी सकाळी तारेतनं हात घालून भज्जी फेकली. निम्मी माझ्याच धोतरावर पडली. नागूबाई अजून हसायलीय." आतून त्यांच्या बायकोचा, नागूबाईचा हसण्याचा आवाज आलाच. "तुम्ही जायलाव तर आम्ही बी येतो. पण एक हाय."

"काय?"

"माझ्या रानातनं जाताना हात आखडू नका. माझ्या हरभऱ्यावर बी सांडा."

परत येऊन लक्ष्मम्मानं गाडीतलं दुसरं बिंदगं काढायला लावलं. नेत्रावतीच्या हातात देऊन ती म्हणाली, "हे श्रीपतरावांच्या कोपीत नेऊन ठेव. परत आल्यावर त्यांच्या माणसांना प्यायला होईल. तुझी आंबील चांगली असती."

नेत्रावतीनं सासूकडं पाहिलं. टोमणा आहे की काय, ते तिला कळेना. मग "व्हय, आत्याबाई," म्हणून ती निघाली.

एकच बिंदगं वीरभद्रप्पाच्या खांद्यावर चढलं. मागं नागरत्ना पाणी शिंपडत, तिच्या मागं सुनीलकुमार भज्जीचं भगुणं घेऊन, पायातले बूट हातात. लक्ष्मम्मा लेकीचा हात धरून. हरभऱ्यातून, श्रीपतरावांच्या बांधावरून, दोन घरांची माणसं एका ओळीनं निघाली. पुलाखाली ओल होती, आवाज घुमत होता, पोरांनी तिथं "ओलगे" ओरडून ओरडून कान किटवले. जाताना मधेच वीरभद्रप्पा थांबला आणि मागं न बघता म्हणाला, "शिवे, हितं घसरायलंय. अव्वाला धर." महिन्याभरानं त्यानं तिचं नाव घेतलं होतं.

गद्दुगीवर आंबील वाहिली. लक्ष्मम्मा क्षणभर टेकली. "उशीर झाला," ती नवऱ्याला म्हणाली. "वाट लांब झालीय आता. पण सगळे आलोय."

पट्टीच्या कडेनं ते परत पुलाकडं वळत होते, तेव्हा पुढच्या रानातलं एक कुटुंब तारेपाशी उभं असलेलं दिसलं. उद्धवराव म्हणून तिथला तरणा शेतकरी एका हातानं तार वर ओढून धरत होता, बायको डोक्यावर बिंदगं घेऊन वाकायच्या बेतात होती.

"ए उद्धवा!" वीरभद्रप्पा ओरडला. "सोड ती तार!"

"काका, एवढं फिरून कोण जातंय? कुण्या शहाण्यानं वाट बंद केली काय म्हायती. सापडला की विचारतोच त्याला."

"विचार की. हितंच हाय."

उद्धवराव बघू लागला. शिवलीलाच्या हातातला लक्ष्मम्माचा हात घट्ट झाला. कोण कुणाला धरतंय, ते म्हातारीला कळलं नाही.

वीरभद्रप्पानं खांद्यावरचं बिंदगं सावरलं. साऱ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सकाळपासून आवरून धरलेल्या आवाजात तो म्हणाला, "माझ्या बहिणीनं बंद केलीय. ही बघ, शिवलीला. रेल्वेची मोठमोठी माणसं हिच्यापुढं पोरासारखी बसून शिकतात. हिनं जीव घालून शोधलंय, कुठं माणूस मरतंय आन् कुठं वाचतंय. हिला विचारल्याबिगर या लाईनवर पाऊल टाकायचं न्हाई. तुझ्या बायकोला मागं घे आधी."

उद्धवरावानं तार सोडली. त्याची बायको सरळ झाली, बिंदगं सावरत शिवलीलाकडं बघत राहिली.

"मग आम्ही कसं जावं, अक्का?" तिनं विचारलं.

शिवलीला आईकडं वळली. ज्या बाईनं भरल्या सभांत उभं राहून रुळाचा हिशेब सांगितला, तीच इथं आपल्याच रानात आईचा आधार शोधत होती. लक्ष्मम्मानं तिला कोपरानं ढोसलं.

"सांग की. मास्तरीण हायस ना?"

"आमच्या मागनं या," शिवलीला म्हणाली.

वीरभद्रप्पा बाजूला झाला आणि बहिणीला त्यानं पुढं जायला वाट दिली. लक्ष्मम्मानं लेकीचा हात सोडला.

"नडी, शिवे," ती कानडीत म्हणाली. "तू पुढं चाल. आम्ही येतो."